मूल शाळेत जातं, पण शिकतं का? जिल्हा परिषद शाळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पालकांनी, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी आणि बऱ्याच शिक्षकांनी पाठवलेले आहेत. बहुतेक ग्रामीण महाराष्ट्रातून आलेत. एकच शंका अनेक तऱ्हांनी येते, तिथे उत्तर एकाच जागी दिलं आहे आणि इतरत्र प्रश्नाचा क्रमांक सांगितला आहे. शहरातल्या महापालिका शाळांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

१. आमचं मूल रोज शाळेत जातं, दरवर्षी वरच्या वर्गात जातं. मग अडचण नेमकी काय आहे?

शाळेत जाणं आणि शिकणं यांची फारकत झाली आहे, ही अडचण आहे. ग्रामीण भारतात ६ ते १४ वयाची जवळपास सगळी मुलं आज शाळेच्या पटावर आहेत. २०२४ च्या 'असर' सर्वेक्षणात हे प्रमाण ९८ टक्क्यांच्या वर होतं. पण त्याच सर्वेक्षणात तिसरीतल्या फक्त २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीतल्या मुलांत हे प्रमाण ४८.८ टक्के होतं. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं पाचवीतल्या ३०.७ टक्के मुलांना जमलं. म्हणजे पाचवीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही आणि समोर पाचवीचा परिसर अभ्यास उघडलेला असतो.

पूर्वी शाळा चांगल्या होत्या आणि आता बिघडल्या, इतकं हे सरळ नाही. पूर्वी शाळेत टिकणारी मुलंच मोजकी होती आणि त्यातल्या अनेकांच्या घरी अभ्यास घेणारं कुणीतरी असायचं. आता शेतमजुराचं, वीटभट्टीवरच्या कामगाराचं, ऊसतोड कुटुंबाचं मूल वर्गात आलं आहे. शिकवण्याची पद्धत मात्र तीच राहिली. पुस्तकाचं पान पुढे सरकत राहतं, मूल कुठे अडलंय हे पाहायला कुणी थांबत नाही. या पानावरच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

२. 'असर' म्हणजे काय? त्या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवायचा?

'प्रथम' ही संस्था २००५ पासून हे सर्वेक्षण करते. स्वयंसेवक गावात घरोघरी जातात, एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला आणि गणितं सोडवायला देतात. मूल सरकारी शाळेत आहे, खासगी शाळेत आहे की शाळेतच जात नाही, याने फरक पडत नाही. घरात असलेलं प्रत्येक मूल त्यात येतं. म्हणून शाळेतल्या परीक्षेत झाकलं जाणारं चित्र इथे दिसतं.

मर्यादाही माहीत हव्यात. हे सर्वेक्षण ग्रामीण भागापुरतं आहे. ते अगदी पायाचं वाचन आणि गणित तपासतं, विज्ञान किंवा निबंधलेखन नाही. आणि तुमच्या गावच्या शाळेबद्दल ते काहीच सांगत नाही, कारण निवडक गावांवरून जिल्ह्याचा आणि राज्याचा अंदाज बांधलेला असतो. केंद्र सरकारची सर्वेक्षणं (२०२१ चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, डिसेंबर २०२४ चं 'परख') शाळेच्या वर्गात होतात आणि वेगळ्या गोष्टी मोजतात. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून कोण खोटं बोलतंय ते ठरवू नका.

कोरोनाचा फटकाही यात स्पष्ट दिसला. २०१८ मध्ये तिसरीचा वाचनाचा आकडा २७.३ टक्के होता, २०२२ मध्ये तो २०.५ वर घसरला, २०२४ मध्ये पुन्हा जवळपास पूर्वीच्या जागी आला. ही भरपाई बहुतांशी शिक्षकांनी केली आहे आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

३. माझ्या मुलाला खरंच वाचता येतं का, हे मी घरी कसं तपासू? मी स्वतः फार शिकलेली नाही.

तुम्हाला थोडंफार वाचता येत असेल तर पुरे. येत नसेल तर दहावी-बारावीतल्या पुतणीला किंवा शेजारच्या मुलीला बोलवा.

दुसरीचं 'बालभारती' घ्या. मुलाने वर्गात न वाचलेला धडा निवडा. हे महत्त्वाचं आहे, कारण अनेक मुलं धडा तोंडपाठ म्हणतात आणि बोट मात्र भलत्याच ओळीवर असतं. चित्रावर हात ठेवा, सात-आठ ओळी वाचायला सांगा. शेजारी भावंडं नकोत आणि परीक्षेचा सूर नको. न अडखळता वाक्य वाक्यासारखं वाचलं, नंतर विचारलेल्या दोन साध्या प्रश्नांची उत्तरं दिली, तर पाया आहे. अडलं तर चार सोप्या वाक्यांचा उतारा द्या. तोही जमला नाही तर सुटे शब्द: पाणी, बैल, दिवा, भाकरी. तेही नाही जमले तर अक्षरं. मूल ज्या पायरीवर आरामात उभं आहे ती त्याची खरी इयत्ता, मग दाखल्यावर काहीही लिहिलेलं असो.

जोडाक्षरांवर अडणं ही वेगळी आणि सोपी अडचण आहे, थोड्या दिवसांच्या सरावाने सुटते. काना-मात्रा-वेलांटीच गोंधळाची असेल तर मात्र काम मुळापासून करावं लागतं.

गणितासाठी हातच्याची एक वजाबाकी द्या (५२ वजा २७) आणि तीन अंकी संख्येचा एक भागाकार. मूल दुकानात सुट्या पैशांचा हिशेब चोख करतं म्हणून वहीतलं गणितही येत असेल, असं धरू नका. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला, त्यात तोंडी व्यवहार अचूक करणारी मुलं तेच गणित कागदावर मांडलं की अडली. आणि शाळेत गणितं सोडवणारी मुलं बाजारातल्या हिशेबात चाचपडली. मुलात बुद्धी आहे, शाळेने तिचा धागा पकडलेला नाही, असा याचा अर्थ.

४. मूल पाचवीत आहे आणि वर सांगितलेल्या तपासणीत अक्षरांवरच अडलं. आता उशीर झाला का?

नाही. दहा वर्षांचं मूल सहा वर्षांच्या मुलापेक्षा वाचायला फार लवकर शिकतं, कारण भाषा त्याला आधीच येते. उशीर होतो तो आपण गप्प बसतो म्हणून.

यावर भारतातच बरंच काम झालेलं आहे. मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत 'बालसखी' उपक्रम चालला. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण मुली मागे पडलेल्या मुलांचे लहान गट करून रोज दोन तास त्यांच्याकडून पायाचं वाचन-गणित करून घेत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा काटेकोर अभ्यास केला आणि मागे पडलेल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाल्याचं दिसलं. पुढे तिसरी ते पाचवीची मुलं इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवायची, अशी पद्धत त्यातून वाढली आणि अनेक राज्यांत, आफ्रिकेतल्या काही देशांतही पोचली. बॅनर्जी आणि डफ्लो यांना २०१९ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मायकेल क्रेमर यांच्यासह मिळाला, तो गरिबीवरच्या अशाच प्रयोगांसाठी.

घरी काय कराल? रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी. मुलाच्या पायरीचाच मजकूर. मुलाने बोललेली दोन वाक्यं तुम्ही लिहा आणि तीच त्याला वाचायला द्या. स्वतःचं बोलणं कागदावर ओळखता आलं की मुलाचा धीर वाढतो. पाचवीचे प्रश्न-उत्तरं उतरवून घेण्याचा गृहपाठ या काळात थोडा राहिला तरी चालेल, वर्गशिक्षकांना तसं सांगून ठेवा. शाळेत हे कसं बसवायचं ते प्रश्न १६ मध्ये आहे.

५. आठवीपर्यंत नापास करायचं नाही, या नियमामुळेच मुलं बिघडली ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला (या पानावर 'कायदा' किंवा 'कलम' म्हटलं की हाच शिक्षणहक्क कायदा). त्यात आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवायचं नाही, अशी तरतूद होती. तिच्या जोडीला सातत्यपूर्ण मूल्यमापनही होतं: मूल कुठे अडलं ते वेळोवेळी पाहायचं आणि लगेच मदत करायची. आपण पहिला भाग घेतला, दुसरा कागदावर भरला.

२०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीत परीक्षा घेण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून या दोन वर्गांत वार्षिक परीक्षा आहे. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा मिळते, तीही न जमल्यास त्याच वर्गात ठेवता येतं. कोणत्याही परिस्थितीत शाळेतून काढता येत नाही.

माझं मत विचाराल तर, नापास करून वाचन येत नाही. जे मूल पहिलीत अडलं त्याला पाचवीत एक वर्ष पुन्हा बसवलं, तर तेच न समजलेलं पुस्तक दुसऱ्यांदा समोर येतं. परीक्षा घ्यावी, पण ती दुसरीच्या अखेरीला, दोन मिनिटांच्या तोंडी वाचनाची असावी आणि तिचा निकाल शिक्षकाच्या पुढच्या महिन्याच्या कामात दिसावा.

६. गुरुजी शिकवतच नाहीत, पगार मात्र भरपूर. खरं कारण हेच नाही का?

न शिकवणारे शिक्षक आहेत आणि त्यांना पाठीशी घालण्याचं कारण नाही. तक्रारीचा मार्ग प्रश्न १३ मध्ये आहे. पण सगळं खापर तिथेच फोडलं की बाकीची कारणं सुटतात.

पहिलं कारण वेळ. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीची) माहिती, आधार जुळवणी, लिंकवर भरायचे अहवाल, तातडीच्या बैठका. मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पद नसलेल्या शाळेत हे सगळं वर्गशिक्षकच करतो आणि तेवढा वेळ वर्ग मोकळा बसतो. कायद्याचं कलम २७ स्पष्ट आहे: दहावार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. मतदार यादीच्या कामाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलं आहे की ते सुटीच्या दिवशी आणि शिकवण्याची वेळ सोडून करून घ्यावं.

दुसरं कारण रिकाम्या जागा. राज्यात २०१२ पासून कित्येक वर्षं शिक्षकभरती जवळपास थांबलेली होती, पुढे पवित्र पोर्टलमार्फत ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. नवा शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपये होतं, मग १६,००० झालं. 'भरपूर पगार' सगळ्यांना नाही.

तिसऱ्या कारणाबद्दल फार कमी बोललं जातं. दहा वर्षांच्या, अक्षरं न येणाऱ्या मुलाला वाचायला कसं शिकवायचं, हे डी.एड. करताना फारसं शिकवलंच जात नाही. सेवाकाळातलं प्रशिक्षण बहुतेकदा मोठ्या सभागृहात, पडद्यावर चित्रं दाखवून उरकलं जातं. शिक्षक परततो तेव्हा वर्गातल्या त्या पाच मुलांचं काय करायचं हा प्रश्न जिथल्या तिथेच असतो.

७. आमच्या शाळेत चार वर्गांना दोनच शिक्षक आहेत. हे कायद्यात बसतं का?

पट ६० पर्यंत असेल तर बसतं. पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच, असं कायद्याचं परिशिष्ट सांगतं. वर्गागणिक शिक्षक मिळण्याची हमी सहावी ते आठवीलाच आहे: दर वर्गाला किमान एक, दर ३५ मुलांमागे एक, आणि विज्ञान-गणित, समाजशास्त्र, भाषा यांना प्रत्येकी किमान एक.

पण दोन शिक्षक कागदावर असणं आणि वर्गात असणं वेगळं. एक प्रशिक्षणाला गेला की शाळा एकशिक्षकी होते. मात्र बहुवर्ग अध्यापन म्हणजे आपोआप वाईट शिक्षण नव्हे. मुलं पातळीनुसार बसवणारा शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र छान शिकवतो. प्रत्येक इयत्तेचं प्रत्येक पुस्तक स्वतंत्रपणे 'पूर्ण' करण्याची सक्ती केली की त्याचं मोडतं.

८. पट वीसपेक्षा कमी आहे. शाळा बंद होणार का?

२०२३ मध्ये राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली आणि त्यांची मुलं जवळच्या 'समूह शाळां'त नेण्याचा विचार मांडला. उदाहरण म्हणून नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्यातलं पानशेत पुढे केलं. अशा शाळा तेव्हा १४ हजारांहून अधिक होत्या. गावांतून आणि शिक्षक संघटनांकडून मोठा विरोध झाला.

कायद्याच्या बाजूने लक्षात ठेवायचं ते हे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. शाळा हलवायची तर प्रवासाची सोय करणं ही प्रशासनाची जबाबदारी आहे. तुमच्या वस्तीचा निर्णय होण्याआधी ग्रामसभेचा आणि शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव करून ठेवा. त्यात अंतर, मधला ओढा, घाट, पावसाळ्यात बंद होणारा रस्ता, मुलींची संख्या हे सगळं लिहा. नुसतं 'आमचा विरोध आहे' लिहिलेलं पत्र फाइलीत पडून राहतं.

लहान शाळेत शिकणं कमकुवत असू शकतं, ही चिंता खोटी नाही. पण डोंगरातल्या वस्तीवरची शाळा बंद झाली की सर्वात आधी तिथल्या मुलींचं शिक्षण थांबतं, आणि ते नुकसान चांगल्या इमारतीने भरून निघत नाही.

९. इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत घातलं तर प्रश्न सुटेल ना?

फी भरली म्हणून सुटत नाही. खासगी शाळांतल्या मुलांचे वाचनाचे आकडे सरकारी शाळांपेक्षा वर दिसतात हे खरं. पण त्यातला मोठा वाटा घरच्या परिस्थितीचा असतो: शिकलेले पालक, शिकवणी, घरातली पुस्तकं. आंध्र प्रदेशात सोडत काढून काही गरीब मुलांना खासगी शाळेचा खर्च दिला गेला आणि नशीब न लागलेल्या मुलांशी त्यांची तुलना झाली. तेलुगू आणि गणितात दोघांत फरक दिसला नाही. खासगी शाळा तेवढंच काम कमी खर्चात करत होत्या, हेही त्याच अभ्यासात दिसलं आणि सरकारी यंत्रणेने त्याचा विचार करायला हवा.

माध्यमाचं म्हणाल तर, घरी इंग्रजी कानावर न पडणाऱ्या मुलाला पहिलीपासून सगळे विषय इंग्रजीतून दिले की ते दोन ओझी एकदम उचलतं: न येणारी भाषा आणि त्या भाषेतला विषय. मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय आहे आणि अनेक ठिकाणी सेमी इंग्रजीही आहे. शाळा निवडताना पाटीवरचं माध्यम बघण्याआधी त्या शाळेतल्या तिसरीच्या चार मुलांना गोष्ट वाचायला सांगा.

१०. आमची मुलं घरी कोरकू बोलतात. पुस्तक मराठी. शिक्षक मराठवाड्याचे. काय करावं?

मेळघाटातल्या कोरकू, भामरागडच्या माडिया, धडगाव भागातल्या पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी पहिलीची मराठी ही परकी भाषा आहे. कोरकू तर मुंडा कुळातली, गोंडी आणि माडिया द्राविडी. त्यांचं मराठीशी नातंच नाही. पहिल्या दिवशी शिक्षक जे बोलतो ते मुलाला कळत नाही, मूल गप्प बसतं आणि शेऱ्यात 'प्रतिसाद नाही' असं लिहिलं जातं. मुलात काहीही कमी नसतं.

शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं असं शिक्षणहक्क कायदाही सांगतो आणि २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही. हे गावपातळीवर सुरू करता येतं. अंगणवाडीताई किंवा गावातली शिकलेली मुलगी पहिली-दुसरीच्या वर्गात रोज तासभर बसली, गोष्ट आधी कोरकूत सांगितली, मग तीच मराठीत, तर मूल बोलू लागतं. शिक्षकाने मुलांकडूनच शंभर-दोनशे शब्द शिकून भिंतीवर लावावेत. बदली झाली की पुढच्या शिक्षकासाठी ते तिथेच राहतात.

११. आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, उन्हाळ्यात परततो. मुलांच्या शाळेचं काय?

तीन मार्ग आहेत. मूल आजी-आजोबांकडे राहणार असेल तर गावच्या शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते. ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी समितीकडे नाव द्या. सोबत न्यायचं असेल तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घ्या आणि कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत दाखवा. दाखल करून घेणं त्या शाळेवर बंधनकारक आहे. तिथे शाळा लांब असेल तर त्या भागातल्या केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना) भेटा, तोडणीचा फड कुठे पडलाय ते सांगा.

पत्रक घेतलं आणि मूल तिथे शाळेत गेलंच नाही, असं खूप होतं. कोप्यांवर (तोडणी कामगारांच्या झोपड्यांवर) लहान भावंडं सांभाळायला मोठी मुलगी थांबते. मुकादमाशी उचल ठरवतानाच चार-पाच कुटुंबांनी मिळून एका बाईला मुलं सांभाळायला ठेवली, तर मोठ्या मुली सुटतात. हा उपाय शासनाच्या कोणत्याही योजनेत नाही, पण होण्यासारखा आहे.

१२. शाळा व्यवस्थापन समितीला खरंच काही अधिकार आहेत, की फक्त सह्या करायच्या?

कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणं, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं, शाळेचं कामकाज पाहणं ही तिची कामं आहेत. शिक्षकाची बदली किंवा निलंबन तिच्या हातात नाही.

बहुतेक समित्यांत चर्चा रंगरंगोटी, कंपाउंड आणि पाण्याच्या टाकीवरच संपते. ती कामंही लागतात. पण दर बैठकीत एक विषय पक्का ठेवा: दुसरी ते पाचवीतली किती मुलं आज वाचतात, गेल्या महिन्यात किती वाचत होती. नावं जाहीर वाचू नका, मुलांची मानहानी होते. आकडा मांडा आणि कार्यवृत्तात लिहून घ्या. हा आकडा दर महिन्याला विचारला जाणार, हे कळलं की शाळेचं लक्ष तिकडे वळतं.

१३. तक्रार कुणाकडे करायची? मुलाला त्रास होईल अशी भीती वाटते.

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, समिती, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार दिल्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्याविरुद्ध राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. मारहाणीबाबत पायऱ्या चढत बसू नका, ती कलम १७ ने बंद आहे, थेट वर लिहा.

भीती रास्त आहे. म्हणून एकट्याने जाऊ नका, पाच-सहा पालकांच्या सहीने जा. 'शिक्षक नीट शिकवत नाहीत' यापेक्षा 'तिसरीच्या २२ पैकी १५ मुलांना शब्द वाचता येत नाहीत, दोन महिन्यांसाठी काय करणार ते कळवावं' अशा तक्रारीला उत्तर द्यावं लागतं.

१४. शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के आरक्षणातून खासगी शाळेत प्रवेश मिळाला. पुढे काय अडचणी येतात?

तीन गोष्टी आधीच माहीत असू द्या. ही सोय आठवीपर्यंतच आहे, नववीपासून फी भरावी लागते; कित्येक पालकांना हे आठवीच्या उन्हाळ्यात कळतं. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा नियम लागू नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तसं ठरवलं. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेतली, तर ते बेकायदा आहे आणि पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला यातून वगळलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. त्यामुळे तेव्हाची जुनी माहितीपत्रकं कुणी दाखवली तर विसंबून राहू नका. आणि प्रवेश मिळाल्यावरही प्रश्न ३ ची तपासणी कराच, कारण महागड्या शाळेतही मागे पडलेलं मूल शांत बसून राहतं.

१५. मुलगी बारा वर्षांची आहे, कधी शाळेतच गेली नाही. जन्मदाखला नाही, जुना दाखला नाही. पहिलीत बसवतील का?

पहिलीत नाही. कलम ४ नुसार तिला वयानुरूप वर्गात, म्हणजे साधारण सहावीच्या आसपास, प्रवेश मिळाला पाहिजे आणि बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळालं पाहिजे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. चौदा वर्षं ओलांडली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत तिचं शिक्षण मोफतच राहतं.

दुसऱ्या गावाहून आलेल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, तरी सरकारी किंवा अनुदानित शाळेने प्रवेश थांबवायचा नाही.

सावध राहायचं ते विशेष प्रशिक्षणाबद्दल. ते कागदावर दाखवून मुलीला थेट सहावीच्या बाकावर बसवलं जातं, दोन आठवड्यांत ती घरी राहू लागते. प्रवेशाच्या दिवशीच विचारा: रोज किती वाजता, कोण शिकवणार, कधीपर्यंत.

१६. मी स्वतः शिक्षिका आहे. अभ्यासक्रम संपवायचा की वाचन घ्यायचं? साहेब तपासणीला पाठ कुठपर्यंत आला तेच विचारतात.

कलम २४ शिक्षकावर दोन्ही जबाबदाऱ्या टाकतं: अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणं आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं. म्हणजे वाचनाचा तास घेणं हे तुमचं कायदेशीर कर्तव्यच आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीच्या अखेरीस समजून वाचता यावं, हे त्याचं उद्दिष्ट आहे. त्याचा आधार घेऊन रोजच्या वेळापत्रकात दुपारच्या सुटीनंतरचा एक तास पायाभूत वाचनासाठी लिहून ठेवा. त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुलं अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट अशा गटांत बसवा. दुसऱ्या शिक्षकाशी गट वाटून घ्या. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाची पायरी एका तक्त्यात नोंदवा. हा तक्ता पाठ टाचणाच्या वहीत पहिल्याच पानावर लावा.

तक्ता प्रामाणिक ठेवा, हे कळकळीने सांगते. 'शंभर टक्के निपुण' लिहिण्याचा दबाव येतो हे ठाऊक आहे. पण तुम्ही तसं लिहिलंत की त्या वर्गातल्या न वाचणाऱ्या मुलासाठी पुढची चार वर्षं कुणीच थांबणार नाही, कारण कागदावर त्याला वाचता येतंय. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत खरा तक्ता मांडणारे दोन-तीन शिक्षक जरी एकत्र आले, तरी केंद्रप्रमुखांनाही वरती तेच मांडणं सोपं जातं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना पाठ दाखवण्याआधी तक्ता दाखवा आणि त्यातल्या कोणत्याही एका मुलाला त्यांच्यासमोर वाचायला बोलवा.